उदीतली गोळी

भुताखेतांच्या गोष्टी मी आयुष्यभर हसण्यावारी नेल्या. एसटीत ड्रायव्हर होतो. जामखेड, खर्डा, नगर... या रस्त्यांवर अंधारात गाडी काढली, पण पांढऱ्या साडीतली बाई मला कुठल्याच वळणावर भेटली नाही. आजही माझा विश्वास बसलाय असं नाही. पण आईच्या मरणाची गोष्ट आमच्या भावकीत इतकी वर्षं चुकीची सांगितली जाते आणि ती मीच पसरवली. आता वय झालं. दुरुस्त करून ठेवतो.

नव्वद सालानंतरची गोष्ट. खर्ड्यात आम्ही तिघं राहायचो – मी, बायको सुशीला आणि आई. आण्णा, म्हणजे माझे वडील, आदल्या वर्षी वारले होते. दोघांनी उभी हयात ऊसतोडीत काढली. दिवाळी झाली की बैलगाडी जुंपून कारखान्याकडे. तोडीवर मध्यरात्रीनंतर उठूनच गाडी भरायची, म्हणजे कारखान्याच्या वजनकाट्यावर नंबर लवकर लागतो. आईची झोप तिथं जी मोडली, ती कायमची. आण्णा गेल्यावरही ती त्याच वेळेला उठायची, दारातल्या बाजेवर बसायची आणि त्यांच्याशी बोलायची. मोठ्यानं. बैलांना वैरण टाकली का, दोर कुठं ठेवला... मध्ये उत्तर ऐकल्यासारखी थांबायची. कधी हसायचीसुद्धा. आण्णा जिवंत असताना तिला त्यांच्याशी एवढं बोलताना मी पाहिलं नव्हतं.

त्यात माझी झोप गेली. पहाटेची पहिली गाडी माझ्याकडे. एकदा स्टिअरिंगवर डोळा लागला आणि कंडक्टर ओरडला म्हणून गाडी रस्त्यावर राहिली. मागं माणसं भरलेली होती. त्या दिवशी मी घाबरलो.

नगरला एका डॉक्टरांना जाऊन भेटलो. ते म्हणाले, आईला घेऊन या. आई ऐकेना. “मी काय येडी हाय का? झोप न्हाई हे तुझं दुखणं हाय, दत्तू. माझं न्हाई.” खरंच होतं ते. पुढच्या खेपेला मी डॉक्टरांना सांगितलं की तिला प्रवास झेपत नाही. त्यांनी नाखुशीनंच चिठ्ठी लिहून दिली. गोळी उदासीवरची आहे, थोड्या मात्रेत झोपेसाठीही देतात. तोंडाला कोरड पडेल, सकाळी सुस्ती राहील. आणि त्यांना सांगूनच द्या, असंही म्हणाले.

मी सांगितलं नाही. आई रोज संध्याकाळी शिर्डीची उदी चिमूटभर पाण्यातून घ्यायची. ती मी कालवून द्यायला लागलो, गोळी चुरून. पहिल्याच दिवशी तिनं तोंड वाकडं केलं, कडू लागती म्हणाली. मी म्हणालो, उदी कडूच असते.

आई झोपली. रोजच झोपायला लागली. मीही झोपलो. गल्लीत बोलबाला झाला की उदीनं म्हातारीला गुण आला. बायका चिमूट-चिमूट मागायला यायच्या आणि मी तोंड गंभीर ठेवून द्यायचो. सुशीलाला खरं माहीत होतं. एकदा म्हणाली, “बाबांच्या नावावर खपवताय. एवढी मोठी यष्टी हाकता, आन् आईसंगं एक खरं बोलणं जड जातंय व्हय?”

आई मात्र विझत गेली. ओठ सुकलेले, बोलणं जड, भिंत धरून चालायची. सारखं पाणी मागायची. ते कशानं, मला ठाऊक होतं. एका सकाळी मी ड्यूटीला निघालो तर तिनं माझी बाही धरली.

“दत्तू, रातभर हाका मारत हुते रे ते. मला ऐकू येतंय, पर उठताच येईना. मानूस किती येळ उभा ऱ्हाईल? आज उदी नको मला. एक रात नको.”

मी बरं म्हणालो आणि निघालो.

त्याच सकाळी जामखेडच्या स्टँडवर चहा घेत होतो. माझ्याबरोबरचा कंडक्टर नाशिककडून नवा बदलून आलेला, आमच्या घरचं त्याला काहीच माहीत नाही. तो हसत आला. “मामा, तुमच्याकडचे म्हातारे भारी हुकूम सोडतात. एक जण म्हणे, ड्रायव्हरला सांग, तिला उठू दे. कुणाला म्हणून विचारलं, तर म्हणे त्याला ठावं हाय.”

दिसायला कसा होता, मी विचारलं.

“उंच. डोक्याला टॉवेल. डाव्या हाताचं एक बोट अर्धंच.”

आण्णांच्या डाव्या हाताचं एक बोट कोयत्यानं अर्धं गेलेलं होतं. मी स्टँडभर फिरलो, मुतारीपर्यंत पाहून आलो. कुणी नव्हतं. कंडक्टरनं बेल मारली. गाडी काढली.

वाटेत स्वतःची समजूत घालत राहिलो. ऊसतोडीच्या मुलखात अर्ध्या बोटाची माणसं काय कमी आहेत? पण आईचं सकाळचं ते बोलणं घराबाहेर कुणी ऐकलं नव्हतं.

संध्याकाळी घरी आलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिली गाडी होती. रविवारी सुट्टी आहे, रविवारी जागू देऊ तिला, असं ठरवलं. उदी ती घेणार नव्हती, म्हणून गोळी चहात चुरली. वर साखर जास्त टाकली. तिनं घोट घेतला, माझ्याकडे बघत राहिली.

“आज लई ग्वाड केलास,” म्हणाली. आणि सगळा प्याली.

सकाळी ती उठली नाही. गावातल्या डॉक्टरांनी वय झालं होतं म्हणून सांगितलं. लोक म्हणाले, काय मरण आलं, झोपेतच, बाबांची कृपा. दहाव्याला मीही तेच सांगितलं. गोळीनं काही झालं का, हे नगरच्या डॉक्टरांना विचारायची माझी हिंमत झाली नाही.

कंडक्टरला कोण भेटलं होतं, याचा उलगडा आजवर झालेला नाही. त्याला मी नंतर खोदून विचारलं. दरवेळी त्यानं तेच सांगितलं, तसंच. पण मला खरं छळतं ते वेगळंच. त्या रात्री तिला हाक आली असेल, तर उठता आलं का?

आता मलाच झोप लागत नाही. मुलानं डॉक्टरकडे नेलं, त्यांनी गोळी लिहून दिली – तीच. मुलगा रोज आठवण करतो. मी हो म्हणतो आणि घेत नाही. कुणी हाक मारलीच, तर उठता यायला हवं. अजून तरी कुणी मारलेली नाही.