न ओरडणारे उंदीर

धर्मराज म्हात्रे महाप्याच्या एका संशोधन कंपनीत एकोणतीस वर्षं उंदीर सांभाळत होता. साठी उलटली होती, तरी दर वर्षी विभागप्रमुख वैशाली मॅडम सही करत आणि नोकरी वर्षभर पुढे सरकत असे. माघात त्याची बायको यशोदाबाई गेली. तेव्हापासून घरात बसवत नसे. यंदाही सही व्हावी, एवढंच त्याला हवं होतं. ती शुक्रवारी व्हायची होती.

पिंजऱ्यावर झाकण लावताना तो खाली बघत नसे, कान देई. पाय चिमटला की उंदीर चिरकतो, मग झाकण उचलायचं. इतक्या वर्षांत चूक म्हणून झाली नव्हती.

मग हे नवे उंदीर आले. वैशाली मॅडमनी समजावलं होतं, "काका, वेदना पोचवणाऱ्या पेशीला एक दार असतं. त्यातून सोडियम, म्हणजे मिठातलाच एक भाग, आत शिरतो आणि 'दुखतंय' हा निरोप पुढे जातो. हे दार म्हणजे एक प्रथिन. ते कसं बनवायचं हे एका जनुकात लिहिलेलं असतं. या उंदरांतलं तेच जनुक काढून टाकलंय."

"म्हंजे आमच्या मिठागराची उघाडी," धर्मराज म्हणाला. बांधातली ती फळी उचलली की खाडीचं पाणी आत यायचं. लहानपणी त्याने ती कितीदा उचलली होती. "उघाडीच नाय, तर पानी येनार कुठून?"

समजलं सगळं. हाताची सवय मात्र तीच राहिली.

बुधवारी सकाळी चौदा नंबरच्या पिंजऱ्यात एका उंदराचा पंजा झाकणाखाली चिरडलेला दिसला. रात्रभर तसाच असणार. उंदीर जाळीतून दाणे कुरतडत होता.

शेजारच्या टेबलावरचा सुयश वाकून बघून गेला. "काका, टेन्शन कशाला? लिहा, आपसांत भांडले. उंदीर काय कोर्टात येणारे?"

धर्मराजने झाकण उचलून पंजा मोकळा केला. यशोदाबाईही शेवटपर्यंत भाकऱ्या थापत होती. वर्षभर तरी दुखत असणार, असं डॉक्टर नंतर म्हणाले. ती ओरडली नाही, म्हणून त्यानेही वळून पाहिलं नाही. हे आठवूनही त्याला काही झालं नाही. रडू तेव्हाही आलं नव्हतं.

त्याने वहीत लिहिलं : झाकण मी लावलं. आवाज आला नाही, म्हणून बघितलं नाही.

त्या उंदराला संपवावं लागलं. शुक्रवारी मॅडमनी कागद पुढे ओढला आणि सही न करताच पेन खाली ठेवलं.

"काका, वरचे मला विचारतील हो."

"बरोबर हाय."

नोकरीचे महिनाअखेरीपर्यंतचे दिवस उरले. त्या संध्याकाळी त्याने प्रत्येक पिंजऱ्यापाशी वाकून, पंजे बघून, मग झाकणं लावली. बराच वेळ गेला.

घरी सून मनस्वीने चहा पुढे केला. तिच्या बोटाला फडकं बांधलेलं होतं.

"काय झाला गो?"

"काय नाय बाबा. वाफ लागली जराशी."

"दाखव."

"अहो, काय नाय त्यात!" ती हसली. चहा तसाच ठेवून तो हात पुढे करून उभा राहिला.