सरांची शाल
फरशी पुसताना फिनाईलचा वास आला की आमच्या हॉस्टेलच्या माजी विद्यार्थिनींचा गंगापूर रोडवरचा मेळावा आठवतो. रेक्टर सर तोवर निवृत्त झाले होते. लहानपणी ते आम्हाला वेताने मारून फिनाईल ओतलेल्या संडासात कोंडायचे, आणि ते खोलीत आले की 'बसा' म्हणेपर्यंत आम्ही उभं राहायचं. मेळाव्यात मीच त्यांना शाल घातली, पुढच्या रांगेत मधोमध बसवलं आणि सिनेमा लावला. एका संस्थेत मुलांचा झालेला छळ पत्रकार उघडकीला आणतात, अशी गोष्ट. सर कौतुकाने मान डोलवत होते. पडद्यावरची बाई लहानपणी कोंडून ठेवल्याचं सांगू लागली, तशा मागे एकेक करत सगळ्याजणी उभ्या राहिल्या. खुर्च्यांच्या आवाजाने सर वळले. "बसा ना गं, बसा," ते म्हणाले. कोणीच बसलं नाही. "सर, तुमच्या शेजारचे पेपरवाले आहेत," मी म्हणाले. "आम्ही त्यांना सगळं सांगितलंय." सर शाल काढायला लागले, तर मी ती परत खांद्यावर नीट बसवली, कारण फोटो राहिला होता. बातमीसोबत तोच फोटो छापून आला. मुलगी म्हणते, आई, हल्ली फरशीला चांगल्या वासाचं मिळतं. मिळू दे, मला हाच वास आवडतो.