तपासणीवाला साडू

यवतमाळ जिल्ह्यात माझ्या साडूइतका संशयी माणूस दुसरा नसेल, आणि या संशयाचा त्याला चक्क पगार मिळतो. घाटंजीत घराच्या मागच्या खोलीत बसून तो दूरच्या एका कंपनीचं इंटरनेट राखतो. कंपनीत जे जे येईल-जाईल ते आधी क्लाउडमधल्या तपासणीकडे वळवायचं, तिथे झडती घ्यायची, मगच पुढे सोडायचं. खात्रीच्या ठिकाणांना थेट वाट द्यायची, तिला बायपास म्हणतात. ती देणं साडूच्या अगदी जिवावर येतं. घरातल्या वायफायलाही त्याने हाच कायदा लावला होता. एकदा त्याच्याकडे गेलो असताना क्रिकेटसाठी मी थेट वाटेची सूट मागितली. “कायले पाह्यजे?” त्याने विचारलं, कारण लिहून घेतलं. “किती वाजेलोक?” मी सहापर्यंत म्हणालो. नेमके शेवटच्या षटकात सहा वाजले आणि खेळ थिजला. साडू माझ्या शेजारी बसून तोच सामना बघत होता. “नियम म्हंजे नियम,” तो म्हणाला, पण चेहरा त्याचाच जास्त पडला होता.

आमचे सासरे, म्हणजे मामाजी, त्याच्याकडेच राहतात. कोणी भामट्याने पोलीस असल्याचं सांगून व्हिडिओ कॉलवर त्यांना तासभर धमकावलं, तेव्हापासून साडूने त्यांचा फोनही तपासणीतून वळवला. मामाजी चिडले. “जवाईबापू, मी चोर आहो काय?” पण साडूच्या मनात भीती बसली होती आणि त्या भीतीत माया होती, हे मी पाहिलंय.

मामाजींचे एक जुने सोबती ढाणकीला असत. दोघे एकाच शाळेत मास्तर होते. रोज दुपारी तीनला त्यांचा व्हिडिओ कॉल येई. आता तपासणीच्या वळणाने येताना तो तुटू लागला. आवाज अडके, चेहरा थिजे, मामाजी फोन हलवत बसत. तुटण्याचं कारण साडूला पक्कं ठाऊक होतं. कंपनीत अशा कॉलना त्यानेच थेट वाट दिली होती. घरी मात्र हात धजेना. “थांबा मामाजी, पाहून राह्यलो,” असं म्हणत त्याने आठवडा काढला.

मग एका दुपारी सोबत्यांचा कॉल दवाखान्यातून आला. ते काहीतरी सांगत होते. ओठ हलताना दिसले, शब्द एकही पोचला नाही. त्याच संध्याकाळी साडूने सूट दिली. सकाळी ढाणकीहून निरोप आला, सोबती गेले.

मामाजींनी साडूला एका शब्दानेही बोल लावला नाही. त्यामुळेच तो अधिक खचला. आता तीन वाजले की तो काम बाजूला सारून मामाजींजवळ जाऊन बसतो. परवा त्याने मला अंगणात बोलावून हळूच विचारलं, “भाऊ, मामाजी अन् त्यांचे सोबती कायच्या गोष्टी करत, तुमाले मालूम हाय काय?”

दर रविवारी त्या दोघांचं बोलणं चालू असताना मीही तिथेच, आपल्या फोनमध्ये डोकं घालून, बसलेला असायचो. मलाही माहीत नव्हतं.