धोळो परत येत नाही

जमुना गेल्याची बातमी मला निवृत्त शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कळली. वर कोणाच्या तरी नातवाच्या बारशाचे फोटो, खाली कोणाचा तरी सुविचार आणि मधे जमुनाचा जुना, जरासा डोळे मिटलेला फोटो. त्याखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली होती. मला आधी रागच आला. अर्ध्या आयुष्याची सोबत आणि निरोप असा अंगठ्याने द्यायचा... मी वणीत माझ्या घरी मेथी निवडत बसले होते. जुडी तशीच मांडीवर राहिली. रडू बऱ्याच वेळाने आलं.

जमुना मुकुटबनकडच्या एका बंजारा तांड्यातली. आम्ही एकाच शाळेत शिकवायचो, एकाच एसटीने यायचो-जायचो. ती मुलांसाठी अद्भुताची पुस्तकं लिहिते, हे मला कळलं तेव्हा मी नाक मुरडलं होतं. आमच्या घरात धम्म आला तेव्हापासून भुतं, नवस, अंगात येणं हे सगळं उंबऱ्याबाहेर ठेवलेलं. मी तिला म्हणाले, "पोरांच्या डोक्यातून चमत्कार काढायला आपण पगार घेतो आणि तू ते परत भरून राहिली." ती हसली. म्हणाली, "वंदना, चमत्कार खरा हाय म्हणून सांगतलं तं थे लबाडी. मी पयल्याच पानावर सांगतो का हे मनातलं हाय. मंग पोट्टे कितीबी दूर जाऊन येते, हरपत नाही." या युक्तिवादावर मी पुढे बरीच वर्षं भांडले. खरं तर मला तो पटला होता, पण तिच्यासमोर कबूल करायची सोय नव्हती.

शाळेच्या कपाटात तेव्हा जादूची पुस्तकं होती ती बहुतेक बाहेरून आलेली. त्यांत बर्फ पडायचा, किल्ल्यांना मनोरे असायचे, मुलं झाडूवर नाहीतर घोड्यावर बसून निघायची. आमची मुलं ती आवडीने वाचत. पण स्वतः गोष्ट लिहायला बसली की नायकाचं नावसुद्धा परकं ठेवत. जमुनाला ते सलायचं. एकदा ती मुलांना घेऊन राजूरला गेली. कोळसा म्हणजे कधीकाळचं जंगल, हे तिने त्यांना खाणीकडे बोट दाखवून सांगितलं आणि घरी येऊन लिहायला बसली. जमिनीखाली दडपलेलं ते रान अजून जागं आहे, त्याला आपलं नाव आठवत नाही, आणि ते नाव पोचवायला एक तांडा बैलांच्या पाठीवर गोण्या लादून खाली उतरतो... तिच्या आजोबा-पणजोबांनी बैलांवर मीठ आणि धान्य वाहिलं होतं. तिने त्यांच्या गोण्यांत शब्द भरले. तांड्याच्या पुढे चालणारा म्होरक्या बैल बोलायचा. त्याचं नाव धोळो, म्हणजे गोरबोलीत पांढरा.

छापायच्या आधी प्रत्येक प्रकरण ती रविवारी दुपारी तांड्यातल्या लिंबाखाली मुलांना वाचून दाखवायची. तांड्यात काही तंटा झाला की नसाब बसतं. नायक, म्हणजे तांड्याचा प्रमुख, दोन्ही बाजू ऐकून निवाडा देतो आणि तो सगळ्यांनी मानायचा असतो. मुलांनी तेच उचललं. गोष्टीतलं काही खटकलं की त्यांचं नसाब बसायचं आणि जमुना आरोपीसारखी उभी राहायची. गोष्टीतली राणी फार बोलते म्हणून तिची दोन पानं गेली. एक चेटूक खोटं वाटतं म्हणून रद्द झालं. मोठमोठ्या परीक्षणांची तिला पर्वा नसे, पण या पोरांच्या निवाड्याच्या आदल्या दिवशी तिला जेवण जात नसे. मी तिची यावरून पुष्कळ थट्टा केली आहे.

याच गोष्टीच्या दुसऱ्या पुस्तकात धोळो मेला. खालच्या अंधारात दरड कोसळते, वाट मोकळी होईपर्यंत तो ती अंगावर तोलून धरतो, आणि तांडा बाहेर पडल्यावर तो उठत नाही. त्या रविवारी मीही तिथे होते. ऐकता ऐकता पोरं भडकलीच. त्यांच्या नसाबाची नायक होती पायल, सातवीतली, वेण्या घट्ट बांधलेली, शब्दाला पक्की. तिने निवाडा दिला, "बाई, धोळोले वापस जिता करा. नाही तं आमी तुमची गोष्ट आयकत नाही."

जमुनाने पदर सारखा केला. "जिता नाही करत," ती म्हणाली. "दंड मान्य."

आणि पोरांनी तो खरोखर वसूल केला. पुढच्या रविवारी कोणी आलं नाही, त्याच्या पुढच्याही. जमुना ठरल्या वेळी कागद घेऊन लिंबाखाली बसायची आणि उन्हं कलली की उठायची. त्याच सुमारास तिचं दुखणं उघड झालं. उपचारांनी ती वाळत गेली, तरी तिसरं पुस्तक लिहीत होती. पण फोनवर म्हणायची, "समोर कान नसले का वाक्य लंगडते वं." तिला पोरं परत हवी होती, दुसरं काही नको होतं. ते मला बघवेना. मी, जन्मभर चमत्काराला शिव्या देणारी, तिला म्हणाले, "कर ना बाई तो बैल जिवंत. जादूचंच तर पुस्तक आहे तुझं. कोण विचारणार आहे?"

ती म्हणाली, "माही याडी मेली तवा मी लहान होतो. सगळ्याईनं सांगतलं, माय मामाच्या गावाले गेली. मी रोज फाट्यावर जाऊन बसत होतो. एसटी आली का उभी राहो, गेली का बसो. कोणी सांगतलंच नाही मले. मंग मलेच समजलं, हळूहळू, एकटीले... पोराईले जादू द्याची वंदना, थाप नाही द्याची." त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

तेराव्याला मी तांड्यात गेले. जमुनाच्या मुलाने तिसऱ्या पुस्तकाची छापलेली पानं माझ्या हातात दिली. ते पूर्ण झालं होतं; परतीच्या एसटीत मी ते उलटसुलट चाळू नये म्हणून पिशवीत तळाशी ठेवायचं ठरवलं. मांडवात बायका बसल्या होत्या. एक अगदी लहान पोरगी सगळ्यांना विचारत फिरत होती, बाई कुठं हायत म्हणून. कोणीतरी तिच्या गालाला हात लावून सांगितलं, "नागपूरले गेल्या. येते मंग."

"नाही," मागून आवाज आला. पायल होती, आता उंच झालेली. ती त्या पोरीसमोर उकिडवी बसली. "बाई मेल्या. धोळोवानी. आता येत नाही." बायका तिच्यावर खेकसल्या, लहान लेकराशी असं बोलते का म्हणून. ती हलली नाही. पोरगी रडली तेव्हा तिला जवळ घेऊन बसली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मॅडम, धोळो मेल्यावर तांड्याचं काय झालं, थे आमी आयकलंच नाही. तुमी वाचसान का?"

मी वाचणारी बाई नाही. शाळेत माझ्याकडे गणित होतं. तरी लिंबाखाली गेले. पोरं गोळा झाली. काहींना मिसरूड फुटलेलं, काही तेव्हा जन्मलीही नसतील. पहिलं प्रकरण धोळोच्या मागे राहिलेल्या बैलांचं होतं. ते जागचे हलत नाहीत. तांडा त्यांना मारत नाही, ओढत नाही. सगळे जण खाली बसतात आणि त्या दिवशी फक्त रडतात. एवढं वाचलं आणि मला पुढची ओळ दिसेना. जमुनाने हे रिकाम्या लिंबाखाली बसून लिहिलं होतं.

पोरं थांबली होती. पायलच्या मांडीवरची ती लहानगी पुढे सरकली आणि तिने पानांच्या गठ्ठ्यावर हात ठेवला.

"शेवटल्या पानावर तरी धोळो येते का वापस?"

मी गठ्ठा उलटा केला, शेवटचं पान त्या सगळ्यांसमोर मनातल्या मनात वाचलं.

"नाही येत," मी म्हणाले.

तिने थोडा विचार केला. "बरं," ती म्हणाली. "वाचा मंग."