कॉइल जळालेल्या फोनच्या दोन रिंगा

आधीच सांगून टाकते, म्हणजे खाली कमेंटमध्ये कुणी मला शहाणपण शिकवायला नको. मी हायस्कूलला विज्ञान शिकवते. आमच्या घरात नवस नाही, अंगारा नाही, अमावस्येला लिंबू-मिरची नाही. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, आणि वडिलांचं एकच वाक्य – कारण असल्याशिवाय काही घडत नसतं, कारण शोधा. शाळेतल्या पोरी भुताच्या गोष्टी सांगायला लागल्या की मी त्यांना वर्गाबाहेर उभं करते. असली मी. आणि आज मीच इथं लिहायला बसलेय, ते सुद्धा दहादा खोडून.

आम्ही कळमनुरीचे. नांदेड रोडला, गावाच्या जरा बाहेर नवी वस्ती आहे, तिथं आईचं घर, आणि मागच्याच गल्लीत माझं सासर. वडील एसटीत कंडक्टर होते. दोन वर्षांपूर्वी छातीत दुखायचं निमित्त झालं आणि गेले. धाकटा भाऊ मिलिंद त्याच्याही आधी पुण्याला निघून गेला होता. वडिलांनी खटपट करून लावून दिलेलं काम त्यानं तिसऱ्या दिवशी सोडलं, त्यावरून फोनवर दोघांचं जोरात वाजलं, आणि त्यानंतर त्याचा नंबर कायमचा बंद. बाप गेला हे कळवायला सुद्धा आमच्याकडं पत्ता नव्हता. त्याच्या सोबतच्या पोरांना विचारलं, कुणालाच काही माहीत नाही.

त्यामुळं आईचा सगळा जीव घरच्या लँडलाइनवर. तो एकच नंबर मिलिंदला तोंडपाठ होता.

"ज्याला करायचा त्यानं एव्हाना केला असता," असं मी किती वेळा तिला म्हणाले असेन. माझं तोंड असंच आहे. ती म्हणायची, "करंल. लेकरू हाय ते. नंबर तेवढा बंद पडू देऊ नको बाई."

तर झालं असं की रस्त्याच्या रुंदीकरणात जेसीबीनं जुनी तांब्याची केबल उखडली आणि फोन मुका झाला. महिना झाला, दीड झाला... मी टेलिफोन ऑफिसात खेटे घालून थकले. शेवटी तिथल्या माणसानं सरळ सांगितलं, मॅडम, तांब्याची लाइन आता कोणी जोडत न्हाई, फायबर घ्या, डिजिटल लाइन येईल, नंबर तोच राहील. घेतली. भिंतीवर पांढरा बॉक्स आला, बाजूला छोटी बॅटरी, लाइट गेली तरी चालावी म्हणून. जुना फोन त्याला लावून पाहिला. टोन आला, बोलणं स्वच्छ. पण मी माझ्या मोबाइलवरून रिंग दिली तर फोन गप्प. उचलला तर बोलता येतंय, वाजत मात्र नाही.

"ह्या बॉक्समधून जुन्या घंटीला पुरेल एवढा करंट न्हाई निघत," लाइन जोडणारा म्हणाला. "नवीन सेट घ्या. कुठलाबी चालतो."

कुठलाबी चालतो म्हणे. मी ऑनलाइन एक कॉर्डलेस मागवला. चांगला होता, स्क्रीनवर नंबर दिसायचा. आईनं दोन दिवस वापरला आणि माझ्या हातात आणून दिला.

"हे न्हाई पायजे."

"काहून? काय तकलीफ आहे ह्याला?"

"हे गाणं म्हणतंय. एक रिंग कुठं संपली न दुसरी कुठं सुरू झाली, कळत न्हाई."

आता ही भानगड तुम्हाला सांगायला पाहिजे. वडील ड्युटीवर असले की कुठल्या तरी स्टँडवरच्या कॉइन बॉक्समधून घरी फोन लावायचे आणि आम्ही उचलायचाच नाही. उचलला की रुपया गेला, नाही उचलला तर रुपया खटकन परत. एक रिंग देऊन ठेवला म्हणजे पोचलो. दोन रिंगा म्हणजे कळमनुरीच्या स्टँडवर आहे, न्यायला या. आणि तिसरी वाजली तर काहीतरी खरंच बोलायचंय, उचला. आमचा अख्खा संसार ह्या रिंगांवर चालला. पुढं मिलिंद नांदेडला शिकायला होता तेव्हा तोही असंच करायचा, आणि दोन रिंगा आल्या की वडील ताटावरून उठून लुना काढायचे. मोबाइल येऊन जमाना झाला तरी आई अजून तिसऱ्या रिंगेशिवाय फोन उचलत नाही. गॅसवाला, बँकवाला, सगळे माझ्याकडं तक्रार करतात की तुमच्या आई फोन घेत नाहीत.

म्हणजे आईला नुसता चालणारा फोन नको होता. मोजता येईल असा वाजणारा फोन हवा होता. मी डोक्याला हात लावला. पण आईपुढं कुणाचं चाललंय?

शनिवारी सकाळची शाळा. दुपारी सुटल्यावर जुना सेट पिशवीत घातला आणि बाजारात इलियासभाईंच्या दुकानात गेले. मोबाइल रिपेअरिंग, चार्जर, रिमोट, सगळं मिळतं तिथं. इलियासभाई माणूस बोलका. राखाडी रंगाचा तो जड फोन काउंटरवर ठेवला तसे हसले.

"मॅडम, ये तो अजायबघर को दे देव. विकत का फिरून राहिल्या?"

"विकायचा नाही. असाच वाजणारा नवा पाहिजे. डिजिटल लाइनवर चालणारा."

त्यांनी दोन-तीन सेट काढून ठेवले. एकाला मागं बारका स्विच होता, टोनवर ठेवायचा, नाहीतर नव्या लाइनवर नंबर लागत नाही, असं त्यांनी दाखवलं. एकाला रिंग वाजताना लाल दिवा लागायचा. मी म्हटलं मला आवाज ऐकवा. आणि तुलना करायला जुन्याची घंटी कशी आहे म्हणून त्यांनी त्याचं बूड उघडलं. चार स्क्रू काढले, झाकण बाजूला ठेवलं. आत दोन पितळी वाट्या, मध्ये हातोडी, आणि तिच्यामागं काळं पडलेलं कॉइल.

"करंट की बात बाद में. इसका तो कॉइलच जल गया," ते म्हणाले. मीटर लावून दाखवलं, काटा हललाच नाही. "वीज पडली असंल कधीतरी. ही घंटी आता कुठल्याच लाइनवर वाजायची न्हाई, मॅडम."

हे मी मुद्दाम नीट लिहितेय. फोनची वायर पिशवीतच गुंडाळलेली होती. फोन उघडा, काउंटरच्या काचेवर, कशालाही न जोडलेला. इलियासभाई मीटर ठेवून चहाचा कप हातात घेत होते. मी नव्या सेटच्या खोक्यावरची किंमत वाचत होते.

आणि फोन वाजला.

ट्रिंग-ट्रिंग. मी मान खाली घातली तेव्हा हातोडी हलताना मला दिसली. माझ्या डोळ्यांनी पाहिली. ती ह्या वाटीवर, त्या वाटीवर आपटत होती, काच खालून थरथरत होती. मग थांबली. आम्ही दोघं एकमेकांकडं बघतोय. आणि परत, ट्रिंग-ट्रिंग.

मी तिसरीची वाट बघत उभी राहिले. तिसरी आली नाही.

आठवीला विद्युत घंटी मीच शिकवते. परिपथ पूर्ण नसेल तर हातोडी हलत नाही, हे फळ्यावर चित्र काढून शिकवते. इलियासभाईंच्या बशीत चहा सांडला होता आणि त्यांचं तिकडं लक्षच नव्हतं. शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं आवाज दिला, "भाई, जुना फोन कुठून आणला? रिंग भारी हाय." म्हणजे त्यानंही ऐकलं होतं. आम्हा दोघांचा भास नव्हता.

"मॅडम," इलियासभाई हळूच म्हणाले, "इसको यहां से ले जाव."

मी तो उघडाच पिशवीत टाकला, झाकण, स्क्रू सगळं वरून, आणि स्कूटी काढली. आईच्या घरी आले. आईला सांगायचं नाही असं रस्त्यात ठरवलं होतं. पण ती दारातच भाजी निवडत बसलेली, माझं तोंड बघितलं आणि म्हणाली, काय झालं? मी सांगून टाकलं. मला वाटलं ती घाबरेल, रडेल.

तिनं एकच विचारलं, "किती वाजल्या?"

"दोन."

"बराबर मोजल्या?"

"आई, अगं फोन तुटलेला आहे. त्याला वायर नाही, त्याचं कॉइल जळालंय—"

"दोन वाजल्या ना? मंग इथं काय करून राहिली? जा स्टँडवर."

मी चिडले. खरंच चिडले. म्हटलं तुझं डोकं फिरलंय आणि आता माझंही फिरवणार आहेस. ती उठली, पायात चपला घालायला लागली. गुडघ्यानं बेजार बाई, उन्हात पायी निघाली असती. नाइलाजानं मीच परत स्कूटी फिरवली. चिडत, पुटपुटत. जाऊन यायचं आणि सांगायचं, बघितलंस, कुणी नाही.

स्टँडवर खरंच कुणी नव्हतं. म्हणजे गर्दी होती, शनिवारची पोरंसोरं, बाया, पोती, पण ओळखीचं कुणी नाही. मी बाकड्यांवरून नजर फिरवली, उसाच्या रसाच्या गाड्यापाशी पाहिलं. हुश्श केलं. आणि त्याच वेळी आतून कुठंतरी रडूही येत होतं, कारण तेवढ्यात मी सुद्धा आशा धरून बसले होते, हे माझ्या लक्षात आलं.

नांदेडची बस मागं घेत होते. कंडक्टर शिट्टी मारतोय. बस वळली आणि खिडकीत एक दाढीवाला, वाळलेला माणूस दिसला, डोकं गजाला टेकवून बसलेला. बस माझ्यासमोरून गेली, तेव्हा त्यानं मान वळवली.

मी बसच्या पत्र्यावर हातानं बडवत पळत सुटले. "थांबवा, थांबवा." कंडक्टर शिव्या घालायच्या बेतात होता. बस थांबली. दार उघडून मिलिंद खाली उतरला तेव्हा त्याच्या हातात एक बॅग, अंगात ताप, आणि चेहरा पांढरा. मी त्याच्या दोन कानाखाली वाजवाव्यात असं ठरवलं होतं चार वर्षं. ते राहून गेलं. मी त्याला धरून रडले, भर स्टँडवर.

त्यानं माझ्या खांद्यावरून मागं पाहिलं. "बाबा न्हाई आले?"

"घरी चल," मी म्हणाले.

घरी भिंतीवर हार घातलेला फोटो बघून तो दारातच खाली बसला. पुढचा अर्धा तास कसा गेला ते मी लिहीत नाही. ते आमच्या घरातलं आहे.

आईनं त्याला भाकरी कुस्करून दिली, दूध घातलं. खाता खाता तो थोडं थोडं बोलायला लागला. नांदेडला कामाला चालला होता. बस कळमनुरीत थांबली आणि राहवलं नाही, उतरला. मागच्या महिन्यात कितीदा तरी घरच्या नंबरवर फोन लावला होता म्हणे, लाइन मेलेली. त्याला वाटलं घरच्यांनी फोन काढून टाकला, आपल्यासाठीच काढला. आज लावलाच नव्हता. मोबाइलची बॅटरी सकाळीच उतरली होती.

"स्टँडवर कॉइन बॉक्स होता ना भिंतीला, तिथं जाऊन उभा राहिलो," तो म्हणाला. "डबा गेला, नुसते खिळे हायेत तिथं. त्या खिळ्यांवर हात ठेवून उभा होतो येड्यासारखा. मंग म्हटलं जाऊ दे, अन् मागून आलेल्या नांदेडच्या बसमध्ये चढलो."

"अरे, घर काय कोसावर होतं का? पायी यायचं ना," आई म्हणाली.

त्यानं एक घास तोंडात घातला. मग म्हणाला, "बाबा फोनवर म्हणले होते मला. दोन काय, दोनशे रिंगा दिल्या तरी आता तुला न्यायला कोणी येणार न्हाई."

हे आम्हाला माहीत नव्हतं. वडिलांनी आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. आईनं पदर तोंडाला लावला. मला फक्त शेवटच्या दिवसांत वडील रात्रीचे लँडलाइनजवळ खुर्ची टाकून बसायचे ते आठवलं, आणि मी त्यांना म्हणायचे, बाबा, झोपा आता.

"पण ताई," मिलिंद म्हणाला, "मी फोन केलाच न्हाई. मंग तू स्टँडवर काहून आली?"

आईनं माझ्याकडं पाहिलं. मी त्याला म्हटलं, अजून दूध घालू का?

त्या गोष्टीला आता काही महिने झाले. नवा फोन आलाय, लाल दिव्याचा, स्पष्ट वाजतो, आईला पसंत आहे. जुना सेट मी दोन इलेक्ट्रिशियन आणि एका इंजिनियरिंगच्या प्राध्यापकाला दाखवला. तिघांचं उत्तर एकच, ही घंटी वाजू शकत नाही. स्थिर विद्युत म्हणा, जवळच्या वायरीचा परिणाम म्हणा, सगळं तपासून झालं. कॉइल तुटलेलंच आहे. माझ्याकडं कारण नाही आणि कारण नाही हे लिहिताना मला लाज वाटते.

कुणाला काही सुचत असेल तर जरूर सांगा, मी सगळं वाचीन. फक्त कुणी भूत-बित लिहू नका. माझा बाप पोराला न्यायला आला होता, त्याला भूत म्हटलेलं मला चालणार नाही.