इटालियन वाइन ओतणाऱ्या आम्ही तिघी

वाइन टेस्टिंगच्या कामाला गेलं की लोकांचे ग्लास रिकामे होतात आणि माझं डोकं भरतं. घरी सांगायला बसले की नवरा हसतो. हसू दे. मला अजून राग येतो!

आम्ही तिघी. उल्हासनगरची भारतीताई आमची म्होरकी, कुळगावची मी आणि बारवीकडच्या पाड्यावरची संगीता. एजन्सी काळा एप्रन घालून उभं करते. यंदा अंबरनाथला मोठ्या लॉनवर इटालियन वाइनचा मेळा होता. तिकीट काढा, ग्लास घ्या, टेबलाटेबलावर चाखत फिरा.

*

चाखून थुंकायला टेबलावर बादली असते. ती बघून एक काका म्हणाले, "स्टेशनवर थुंकलं की दंड, इथे थुंकायला तिकीट!"

सगळे हसले, मीही हसले. तेवढ्यात शेजारच्या सुटाबुटातल्या साहेबांचा नेम चुकला. सगळं माझ्या मनगटावर! "टिश्यू, टिश्यू!" साहेब ओरडले. वाटलं, माणूस बरा आहे. मी टिश्यू काढला. त्यांनी तो ओढून घेतला आणि स्वतःचे ओठ पुसले.

*

बरोलो म्हणजे इटलीची नावाजलेली लाल वाइन. वर्षानुवर्षं पिंपात मुरवतात. एक भाई आला, "इसमें कोला डाल."

भारतीताईने समजावलं. तो चढला, "तिकीट लिया है, फुकट नहीं आया!"

ताईचं डोकं सटकलं. "नुसता कोला क्यों भाई? चाट मसाला भी डालूं?"

तो एकदम शांत झाला. "है क्या?"

*

एका मॅडमनी माझ्या एप्रनवरची पाटी वाचली. "नुसतंच नाव? आडनाव काय?"

सांगितलं. तोवर माझ्या हातची तिसरी वाइन मजेत चालली होती. आता ग्लास खाली ठेवला. "नको, पुरे." आणि पलीकडच्या टेबलावर जाऊन तीच वाइन मागितली!

भारतीताई मागून ओरडली, "मॅडम, आधीची थुंकायची राहिली!"

मॅडम वळल्या नाहीत. सुपरवायझर वळला. माफी कोणाला मागावी लागली? मला!

*

स्टाफने थेंबही चाखायचा नाही, असा नियम. मेळा संपल्यावर उघड्या बाटल्या आमच्याच हातांनी मोरीत ओतायला लावल्या. भारतीताई म्हणाली, "ओता गं! गटारातल्या उंदरांनी तिकीट काढलंय का, तेवढं विचारा!"

*

संगीता फारशी बोलत नाही. मागच्या उन्हाळ्यात तिच्या भावाच्या लग्नाआधी पाड्यावर दारूबंदीवाल्यांची धाड पडली. आईने लग्नासाठी मोहाची दारू काढली होती. त्यांच्या साहेबांनी लाथा घालून मडकी फोडली आणि म्हातारीला दिवसभर उन्हात बसवून ठेवलं.

मेळ्यात तेच साहेब बायकोला घेऊन संगीताच्या टेबलावर आले. तिने मला कोपर मारलं. "ताई, तोच हा." मी म्हटलं, "तू मागे हो, मी ओतते." ती हलली नाही. स्वतःच ओतली.

साहेबांनी ग्लास गोल फिरवला, नाक आत घातलं, डोळे मिटले. "वा! रानातल्या फुलांचा वास!"

"आमच्या आयच्या मडक्यांना पण असाच यायचा, साहेब," संगीता म्हणाली. "तुमी फोडली त्याच्या आधी."

साहेबांचे डोळे उघडले. बायको त्यांच्याकडे बघायला लागली.

"कुठली मडकी हो?"