आबा आणि जपानी भुतं

आबांना कुठलीही गोष्ट गप्प राहून बघता यायची नाही. हातात दोन जाड सुया, शेजारी रक्त फिरवणारं मशीन, हात हलवायची सक्त मनाई, आणि हा माणूस मोबाइलच्या पडद्यावरच्या जपानी पोराला ओरडून सांगतोय, "आरं मागं बघ की गाढवा, मागं!" सिस्टर धावत यायच्या. त्यांना वाटायचं, बीपी खाली आला. आबा उलट त्यांनाच दटावायचे, "मला काय झालं न्हाय. त्या पोराच्या मागं बाई उभी हाय, पाय न्हाईत तिला, आन् ह्यो डबा खात बसलाय!"

बारामतीच्या डायलिसिस सेंटरमध्ये माझी खाट खिडकीकडची आणि आबांची तिच्या शेजारची. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. कंटाळा हा शब्द खरं तर आमच्यासारख्यांनीच वापरावा, बाकीच्यांनी उसनासुद्धा घेऊ नये. घरी जाऊन झोपायचं, उठून ऑफिसचं काम लॅपटॉपवर उरकायचं आणि पुन्हा सुया टोचून घ्यायला यायचं. मी तिशीतली. माझ्या घरात किडनी देऊ शकेल असं कोणी नाही. आईला शुगर आहे, भावंडं नाहीत. नाव प्रतीक्षायादीत आहे, ते तिथंच आहे. आबा अंथुर्ण्याचे. सगळी हयात ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या लावून सोमेश्वरनगरला ऊस वाहण्यात गेली. आवाज त्यामुळेच तसा झाला असावा. इंजिनावरून ओरडायची सवय वॉर्डात कशी सुटणार?

मी कानात हेडफोन घालून कॉलेजपासून आवडणारी एक ॲनिमे मालिका बघायचे. एके दिवशी आबा म्हणाले, "एकटीच हसतीस, एकटीच रडतीस. आमाला बी दाव की." मग मोबाइल दोन खाटांच्या मधल्या सलाइनच्या स्टँडला रबर लावून बांधला. बोलणं जपानी, खाली अक्षरं इंग्रजी, तेव्हा सगळं मराठीत मोठ्यानं वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. मी नायक, मी नायिका, मी भूत. माझा घसा बसायचा. आबा ऐटीत म्हणायचे, "कार्टून झ्याक हाय." मी म्हणायचे, "ॲनिमे, आबा." "त्येच ते," असं म्हणून ते विषय मिटवायचे.

गोष्ट समुद्राकाठच्या एका गावातली. ज्यांचं काही बोलायचं राहिलं, ती माणसं मेल्यावर आपापल्या घरात अडकून पडतात. शाळेत जाणाऱ्या एका मुलाला ती दिसतात. तो घरात घुसतो, त्यांना मोकळं करतो. पहिला सगळा सीझन तोच सांगतो, आणि त्यात तोच शूर. आबांचा त्याच्यावर भलताच जीव जडला. "आपला गडी," म्हणायचे. एकदा भूत न्हाणीघरातल्या नळातून बाहेर आलं, तेव्हा आबांनी मान डोलावली. "आमच्या नरसिंहपूरला देव खांबातनं आलेला हाय, पोरी. यायची वाट कुठनं बी असती."

याच सुमारास आबांचा स्वतःचाही एक शौर्याचा भाग चालू होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, की आबांच्या बायकोचा, म्हणजे काकूंचा, रक्तगट जुळतो, तपासण्या करून घ्या, त्यांची किडनी बसवता येईल. आबांनी साफ नकार दिला. "माझ्या दुखण्यापायी तिच्या अंगाला सुरी लावू द्यायची न्हाय. संपला इषय." वॉर्डात नवा पेशंट आला, की आबा हे त्याला सांगायचे. दर वेळी सांगताना छाती थोडी जास्त फुगायची. सिस्टर म्हणायच्या, "नवरा असावा तर असा." मलाही तसंच वाटायचं. काकू बाहेरच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या असायच्या, आणि हे सगळं दारातून त्यांना ऐकू जायचं.

दिवस मात्र चांगले नव्हते. आबांच्या हाताची नस दगा द्यायला लागली होती. सुई लागायला वेळ लागे, लागली तर मशीन मध्येच बोंबलायचं. घरी जाताना एसटीत चढायला काकू मागून आधार द्यायच्या. डॉक्टर एकदा जरा कडकच बोलले, "आबा, हे किती दिवस ओढायचं?" आबा म्हणाले, "जवर वढल तवर." आणि माझ्याकडे वळले, "लाव गं."

त्या दिवशी मालिकेचा दुसरा सीझन सुरू झाला आणि पहिल्याच वाक्याला आबा खवळले. कारण आता गोष्ट तो मुलगा सांगतच नव्हता. त्याच्याच वर्गातली एक वेणीवाली मुलगी सांगत होती. "ही कोण मधीच? डायवर बदलला का काय? पुढं ढकल." मी म्हटलं, "ढकलत नाही. ऐका." ही तीच मुलगी, जिच्या मेलेल्या आईला त्या मुलानं पहिल्या सीझनमध्ये मोकळं केलं होतं. तेव्हा आम्ही दोघांनी टाळ्या वाजवल्या होत्या, म्हणजे आमच्या एकेका हाताला जमेल तशा. आता ती मुलगी सांगत होती, की आई घरात होती ते तिला हवं होतं. रोज संध्याकाळी ती तिच्याशी बोलायची. तो आला, दार लाथेनं उघडलं, आईला घालवलं आणि शाबासकीची वाट बघत उभा राहिला. तिला कुणी काही विचारलंच नव्हतं.

आबांनी डोळे बारीक करून त्या मुलाकडे बघितलं. मग पुटपुटले, "आगाऊच हाय की ह्यो." थोड्या वेळानं स्वतःशीच म्हणाले, "बरुबर हाय. ट्रॅक्टर हाकताना मागच्या ट्रॉलीत काय चाललंय ते डायवरला कुठं कळतंय? त्ये मागं बसलेल्यालाच इचारावं लागतं."

माझा स्वभाव पोटात काही राहू देणारा नाही, आणि थकलेलं माणूस तर आणखीच फटकळ होतं. मी म्हटलं, "आबा, तुमची ती सुरी न लावू देण्याची गोष्ट आहे ना, ती काकू सांगायला लागल्या तर कशी होईल?"

झालं! आबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. त्या दिवशी ते माझ्याशी बोलले नाहीत आणि पुढच्या खेपेलाही नाही. मी मोबाइल बांधला तर म्हणाले, "डोळं दुखत्यात." वाटलं, गेला हाही सोबती. मी एकटीच बघायचा प्रयत्न केला, पण ऐकणारं कुणी नसलं, की त्या गोष्टीत जीवच राहायचा नाही. आणि माझं मेलीचं बोलणं! आजारी माणसाला असं तोंडावर टोचून मला काय मिळालं, असंही वाटून गेलं.

मग एका सकाळी सुया लागल्या-लागल्या आबांनी सिस्टरना सांगितलं, "आमच्या मंडळींना जरा आत बोलवा." काकू चप्पल दाराशी काढून आत आल्या, खाटेच्या पायाशी उभ्या राहिल्या. आबा छताकडे बघत म्हणाले, "ही पोरगी म्हणती, तुझं काय म्हणणं हाय ते मी कधी ऐकलंच न्हाय. सांग."

काकूंनी पदर सावरला. मला वाटलं, बाई लाजेल आणि काही नाही म्हणेल. पण त्यांनी जणू कधीची तयारी केलेली होती. "आवं, तुमी न्हाय म्हणता त्यात तुमचं नाव हुतंय. गावभर म्हणत्यात, बायकूला किती जपतोय. आन् मी? मी रोज पहाटं उठून तुमच्या नाकापुढं हात धरून बघते, श्वास हाय का न्हाय. मग चहा ठेवते. कापायचं ते मला कापणार, मग भ्याचं ते मला भिऊ द्या की. माझं भ्या तुमी कशाला घेऊन बसलाय? आन् तुमी गेल्यावर दोन दोन किडन्या ठिवून मी काय करू, लोणचं घालू?"

शेजारच्या रांगेतला एक पेशंट फिस्सकन हसला. आबा हसले नाहीत. "मग आदी का न्हाय बोललीस?"

"इचारलं कुणी?"

आबांनी हात हलवला असावा, कारण मशीन कोकलायला लागलं. सिस्टर आल्या, त्यांनी नळी सरळ केली, काकूंना बाहेर जायला सांगितलं. आबा डोळे मिटून पडून राहिले. डोळ्यांच्या कडेनं पाणी कानात जात होतं आणि मोकळ्या हातानं पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. मलाही माझी खाट सोडता येत नव्हती. शेवटी सिस्टरनीच पुसलं.

तपासण्या झाल्या, जुळलं, पुण्यातल्या ऑपरेशनची तारीख मिळाली. त्या मधल्या दिवसांत आम्ही उरलेले भाग बघून काढले. तो मुलगा बदलत गेला, ते माझ्या आधी आबांच्या लक्षात आलं. "बघ, आता दार वाजवून आत जातोय. आदी लाथ घालत व्हता." शेवटच्या खेपेला जाताना ते म्हणाले, "माझं बी खोटं न्हवतं गं. मला तिची काळजी खरीच व्हती. पण ती माझ्या एकट्याची गोष्ट झाली." माझ्या डोक्यावर हात ठेवायला ते वाकले, पण तोल जाईल म्हणून काकूंनी त्यांना मागून धरलं, आणि तो हात माझ्या खांद्यावरच टेकला.

ऑपरेशननंतर त्यांचा पहिला फोन आला तो असा, "पोरी, लघवी झाली! धो धो!" मी वॉर्डात मोठ्यानं सांगितलं आणि सगळ्या खाटांवरून आरोळी उठली. आमच्यासारख्या लघवी बंद झालेल्यांचं हे सुख बाहेरच्यांना कळायचं नाही. काकूही ठणठणीत होत्या. पण संसर्गाच्या भीतीनं आबांना आता गर्दीत, दवाखान्यात यायची बंदी होती. त्यांच्या खाटेवर एक तरुण पोरगा आला, तो चारही तास रील्स बघतो, आवाज मोठा ठेवून. मी काही म्हणत नाही. भांडायलाही अंगात रक्त लागतं.

मग परवा व्हिडिओ कॉल आला. तोंडावरचा मास्क हनुवटीवर ओढलेला, गाल भरलेले, हातात काठोकाठ तांब्या. "बघ! डॉक्टर म्हणत्यात पी. जेवढं पिशील तेवढं पी!" आमच्या आजारात पाणी मोजून प्यायचं असतं. उन्हाळ्यात जीभ टाळ्याला चिकटते, आणि घरातला नळ सोडला की आम्ही दुसऱ्या खोलीत जाऊन बसतो. आबांनी तांब्या तोंडाला लावला आणि एकदम थांबले. माझ्या मागचं मशीन त्यांना दिसलं असावं. त्यांनी तांब्या खाली ठेवला.

"मी बी कसला येडा. तुज्यापुढं पाणी घेऊन बसलोय. फोन ठिव तू, मग पितो."

हेवा वाटला, खोटं कशाला बोलू? पण राग त्याहून जास्त आला. मी म्हटलं, "आबा, पुन्हा तुमचं सुरू झालं! मला काय सोसेल ते तुम्ही ठरवू नका. मला बघायचंय."

आबांनी तांब्यावर हात ठेवला. मग म्हणाले, "बघशील?"

"बघते. प्या."

त्यांनी तांब्या उचलला. गळ्याची घाटी वर-खाली होत होती, पाणी हनुवटीवरून सदऱ्यावर सांडत होतं, आणि मी कोरड्या तोंडानं तांब्या रिकामा होईपर्यंत बघत राहिले.